पंधरा ऑगस्टची जिलेबी : कोल्हापूरच्या घरांतील स्वातंत्र्यदिन

भारतीय घरांत पाळले जाणारे सण बहुतांशी तिथीने येतात. गुढीपाडवा चैत्र शुद्ध प्रतिपदेला असतो, ईद चंद्रदर्शनावर ठरते, जैन कुटुंबांचे पर्युषण चातुर्मासातल्या तिथींवर अवलंबून असते, आणि म्हणून नवे कॅलेंडर भिंतीवर आले की घरातील वडीलधारी माणसे आधी सणांच्या तारखा पाहून घेतात. स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताक दिन मात्र कॅलेंडरात शोधावे लागत नाहीत, कारण मराठी बोलण्यात तारीख हेच त्यांचे नाव आहे. लोक 'पंधरा ऑगस्ट' आणि 'सव्वीस जानेवारी' म्हणतात, आणि औपचारिक नावे निमंत्रणपत्रिकांत व सरकारी परिपत्रकांत राहतात. या दिवसांना व्रतकथा नाही, आरती नाही, देवघरात मांडायची पूजा नाही. त्यांचा मुख्य विधी म्हणजे झेंडावंदन, आणि ते शाळेच्या मैदानावर, कार्यालयाच्या आवारात किंवा चौकात होते, घरात होत नाही. राज्यसंस्थेने नेमून दिलेला असा दिवस घराचा उंबरठा ओलांडून आत कसा येतो आणि तेथे घरचा सण म्हणून कसा रुजतो, हे पाहायचे असेल तर कोल्हापूर शहराइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

कोल्हापुरात १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी या दोन्ही दिवशी घरोघरी जिलेबी आणली जाते. मिठाईच्या नेहमीच्या दुकानांपुढे गर्दी होतेच, पण त्याखेरीज शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शाहूपुरी, राजारामपुरी, कसबा बावडा अशा भागांत कोपऱ्याकोपऱ्यावर मांडव घालून तात्पुरती दुकाने उभी राहतात, आणि त्यांतली कित्येक दुकाने केवळ या दोन दिवसांपुरतीच असतात. एरवी दुसराच धंदा करणारी माणसे, तालमीतली पोरे आणि गल्लीतली मंडळे ही दुकाने लावतात. कोल्हापूरच्या संदर्भात 'तालीम' या शब्दाचा अर्थ समजून घ्यायला हवा, कारण मूळची ती कुस्तीचा आखाडा असलेली व्यायामशाळा असली, तरी पेठेच्या जीवनात तिचे स्थान आता त्याहून व्यापक आहे. गणपती, शिवजयंती, फुटबॉलचा संघ, अडचणीत सापडलेल्या शेजाऱ्याला मदत, असे सारे सार्वजनिक व्यवहार तिच्या कट्ट्यावर ठरतात. तालमीच्या दारात झेंडावंदन झाले की जिलेबी वाटली जाते, आणि जमलेला प्रत्येक माणूस घरी जाताना आपल्या कुटुंबासाठी वेगळा पुडा घेऊन जातो. शहरातली 'माळकर तिकटी' हे नावच मिठाईच्या व्यवसायाशी जोडलेले आहे, आणि तीन रस्ते जेथे मिळतात त्या जागेला कोल्हापुरी बोलीत तिकटी म्हणतात.

ही प्रथा कोल्हापुरातच इतकी खोल का रुजली, याचा विचार करताना येथील स्वातंत्र्याचा इतिहास लक्षात घ्यावा लागतो, कारण तो पुणे किंवा साताऱ्याच्या इतिहासापेक्षा वेगळा आहे. कोल्हापूर हा ब्रिटिश इलाख्याचा भाग नव्हता. ते छत्रपतींचे संस्थान होते. संस्थान म्हणजे ब्रिटिशांचे सार्वभौमत्व मान्य करून अंतर्गत कारभार स्वतः पाहणारे राज्य. अशा संस्थानाच्या प्रजेपुढे दुहेरी प्रश्न होता : इंग्रज गेले पाहिजेत हा एक, आणि ते गेल्यावर संस्थानात प्रजेला जबाबदार असणारे शासन आले पाहिजे हा दुसरा. याच दुसऱ्या मागणीसाठी १९३९ मध्ये कोल्हापूर संस्थान प्रजापरिषद स्थापन झाली आणि भाई माधवराव बागल व रत्नाप्पा कुंभार हे तिचे प्रमुख नेते झाले. पुढे रत्नाप्पा कुंभार संविधान सभेचे सदस्य झाले.

१९४२ च्या चळवळीत संस्थानी सीमा पुसट झाल्या. मुंबईचे माजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा कोल्हापुरात उभा असलेला पुतळा त्या काळात आंदोलकांच्या रोषाचे लक्ष्य ठरला, आणि पुढे त्याच जागी १९४५ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. आजचा शिवाजी चौक तो हाच. भुदरगड तालुक्यातील गारगोटी येथे १३ डिसेंबर १९४२ रोजी क्रांतिकारकांनी सरकारी कचेरीवर हल्ला चढवला आणि त्यात सात जणांना वीरमरण आले. गारगोटीचे हे सात हुतात्मे खेड्यापाड्यांतल्या शेतकरी कुटुंबांशी नाते सांगणारे होते, आणि म्हणूनच कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या गावांत १५ ऑगस्टचे झेंडावंदन हा दूर दिल्लीत घडलेल्या घटनेचा वाढदिवस नसतो. ज्यांची घरे ओळखीची आहेत अशा माणसांचे ते स्मरण असते.

१५ ऑगस्ट १९४७ हा शुक्रवार होता. त्या दिवशी कोल्हापूरच्या गादीवर त्याच वर्षी दत्तक विधानाने आलेले छत्रपती शहाजी महाराज होते, आणि संस्थान भारतात सामील झालेले असले तरी त्याचे स्वतंत्र अस्तित्व अद्याप संपलेले नव्हते. दक्षिण महाराष्ट्रातील सांगली, मिरज, औंध यांसारखी बहुतेक लहान संस्थाने मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूरचे विलीनीकरण, म्हणजे संस्थानचा कारभार मुंबई प्रांताच्या हाती पूर्णपणे जाणे, १ मार्च १९४९ रोजी झाले. कोल्हापूरच्या माणसाने स्वातंत्र्य असे टप्प्याटप्प्याने अनुभवले. आपल्या राजघराण्याविषयीचा, विशेषतः राजर्षी शाहू महाराजांविषयीचा आदर कायम ठेवून त्याने प्रजासत्ताकाचे नागरिकत्व स्वीकारले, आणि या दोन निष्ठांमध्ये त्याला विरोध जाणवला नाही. बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे बसवण्यात आले, तेव्हा डॉ. आंबेडकर हयात होते आणि संविधान अंमलात येऊन अजून वर्षही झाले नव्हते. नव्या प्रजासत्ताकाकडे हे शहर किती आत्मीयतेने पाहत होते, याची ही ठोस खूण आहे. जिलेबी १५ ऑगस्टइतकीच २६ जानेवारीलाही आणली जाते, ही गोष्टही म्हणूनच महत्त्वाची वाटते. स्वातंत्र्य आणि संविधान यांत कोल्हापूरचे घर लहानमोठे करत नाही.

आनंदाच्या प्रसंगी गोड वाटावे हा संकेत सगळ्या महाराष्ट्रात आहे, परंतु कोणते गोड वाटावे याला आपली अशी भाषा आहे. पश्चिम महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलेबी वाटण्याची रीत आहे. लग्नाच्या पंगतीत जिलेबीबरोबर मठ्ठा, म्हणजे आले, कोथिंबीर व जिरे लावलेले ताक, हवेच असते. निवडणुकीचा निकाल लागला की विजयी उमेदवाराच्या दारात हेच गोड दिसते. पेढा आणि बर्फी खव्याची असते, खवा दुधाचा असतो, आणि पावसाळी दमट हवेत दुधाचे पदार्थ टिकवणे जिकिरीचे जाते, शिवाय ते महागही पडतात. जिलेबीला मैदा, दही, साखर आणि तळणीचे तेल किंवा तूप एवढेच लागते. ती रस्त्याच्या कडेला, ग्राहकाच्या डोळ्यांदेखत करता येते, एका भट्टीवर तासाभरात शेकडो माणसांना पुरेल इतकी निघते, आणि मजुरी करणाऱ्या कुटुंबालाही पावशेराचा पुडा परवडतो. स्वातंत्र्याच्या वेळी साखरेवर नियंत्रण होते आणि ती शिधापत्रिकेवर मिळत असे. दुसऱ्या महायुद्धापासून चालत आलेले हे नियंत्रण डिसेंबर १९४७ मध्ये काही काळ उठले आणि नंतर पुन्हा आले. ज्या पिढीने साखर मोजून वापरली, त्या पिढीच्या जिभेवर पाकाने ओथंबलेल्या वेढ्याचे मोल काय असेल, याची कल्पना करता येते. त्यानंतरच्या दशकांत पंचगंगा, दूधगंगा, वारणा यांच्या खोऱ्यांत सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि ऊस हेच या जिल्ह्याचे मुख्य नगदी पीक झाले, त्यामुळे या दोन दिवशी पाकात पडणारी साखर कोल्हापूरच्या शिवारातूनच आलेली असते असे म्हणायला हरकत नाही.

भट्टीजवळ थोडा वेळ उभे राहिल्यास या पदार्थामागचे शास्त्र उघड दिसते. जिलेबीचे पीठ आदल्या दिवशी भिजवतात. मैद्यात थोडे आंबट दही आणि कोमट पाणी घालून ते सरसरीत कालवले जाते आणि रात्रभर झाकून ठेवले जाते. या काळात दह्यातले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू आणि पिठात असणारे यीस्ट वाढतात, पिठाला आंबटपणा येतो आणि कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे त्यात अडकून राहतात. कोल्हापूरच्या ऑगस्टमध्ये हवा गार आणि ओली असते, आंबण्याची क्रिया मंदावते, म्हणून जाणता आचारी पीठ लवकर भिजवतो किंवा भांडे भट्टीच्या उबेला ठेवतो. जानेवारीच्या थंडीत तर त्याला त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो. सकाळी पीठ हलवल्यावर त्याची धार न तुटता पडली पाहिजे. हे पीठ जाड फडक्याच्या मधोमध पाडलेल्या, काठ शिवून पक्क्या केलेल्या भोकातून तईत सोडतात. तई म्हणजे सपाट बुडाची, उथळ आणि रुंद कढई. खोल कढईत जिलेबीचे वेढे बुडून एकमेकांवर चढतात, तईत ते तेलावर सपाट पसरतात. आचाऱ्याचे मनगट बाहेरून आत किंवा आतून बाहेर फिरते, दोन-तीन वेढे पुरे झाले की एक आडवी रेघ ओढून तो ते एकमेकांना जोडतो आणि हात न उचलता पुढची जिलेबी सुरू करतो. एका वेळी तईत मावतील तेवढ्या जिलेब्या म्हणजे एक घाणा.

तेलात पडताच पिठातले पाणी वाफ होऊन बाहेर धावते, बुडबुडे फुगतात आणि वेढा आतून पोकळ होतो, तर बाहेरची साल कडक व सोनेरी बनते. घाणा झाऱ्याने उपसून तो लगेच कोमट पाकात बुडवतात. याच क्षणी जिलेबी खऱ्या अर्थाने जिलेबी होते : पोकळीतली गरम वाफ पाकात थंड होऊन आक्रसते, आत दाब कमी होतो आणि बाहेरचा पाक सालीच्या बारीक छिद्रांतून आत ओढला जातो. पाक एकतारी लागतो, म्हणजे थेंब बोटांत घेऊन बोटे विलग केल्यास त्याची एक तार निघते. तो याहून घट्ट असेल तर आत शिरत नाही आणि पातळ असेल तर साल मऊ पडते. पाकात लिंबू पिळण्यामागेही रसायनशास्त्र आहे, कारण आम्लामुळे साखरेच्या काही रेणूंचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे विघटन होते आणि त्यामुळे उरलेल्या साखरेचे खडे जमत नाहीत. लिंबू विसरले तर दुपारपर्यंत जिलेबीवर पांढरी साय धरल्यासारखी साखर दिसू लागते. पावसाळी हवेत कुरकुरीतपणा फार काळ राहत नाही, म्हणून कोल्हापूरकर भट्टीपुढे रांगेत उभा राहून गरम घाण्याचीच वाट पाहतो.

आज राष्ट्रीय सणाशी एकरूप झालेला हा पदार्थ मुळात परदेशी नावाचा आहे, हे सांगितल्यास अनेकांना आश्चर्य वाटते. मध्ययुगीन अरबी पाकग्रंथांत 'झलाबिया' या तळून गोड पाकात घातलेल्या पदार्थाची कृती आढळते, आणि फारसीतून हे नाव भारतीय भाषांत आले असे मानले जाते. जिलेबीच्या भारतीय इतिहासाचा पाया घालणारे संशोधन महाराष्ट्रातच झाले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४३ मध्ये भारतीय आहारशास्त्राच्या इतिहासावर लिहिलेल्या लेखात जिलेबीचा विशेष मागोवा घेतला. सुमारे १४५० मधील जिनसूर या जैन ग्रंथकाराच्या 'प्रियंकरनृपकथा' या ग्रंथात श्रीमंताघरच्या मेजवानीत जिलेबीचा उल्लेख येतो, तर सतराव्या शतकातील महाराष्ट्रीय पंडित रघुनाथ नवहस्त यांच्या 'भोजनकुतूहल' या संस्कृत ग्रंथातही तिला स्थान मिळाले आहे. पाच शतकांहून अधिक काळ जो पदार्थ या भूमीत शिजला, वाढला आणि लेकीबाळींच्या जन्माला वाटला गेला, त्याला परका मानण्याचे काही कारण उरत नाही.

घरच्या स्वातंत्र्यदिनात ध्वजापेक्षा गोडाला अग्रस्थान मिळण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते ध्वजाच्या नियमांत शोधावे लागते. संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी तिरंगा राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारला, पण सामान्य नागरिकाने तो आपल्या घरावर वर्षभर केव्हाही लावावा अशी मुभा पुढची पाच दशके नव्हती. राष्ट्रीय दिवशी घरावर ध्वज लावण्यास परवानगी असली तरी खादीचा, योग्य प्रमाणाचा ध्वज मिळवणे, तो सूर्योदयानंतर चढवून सूर्यास्तापूर्वी उतरवणे, त्याचा अवमान होऊ न देणे, हे सारे सांभाळण्याचे दडपण असे, आणि म्हणून ध्वज शाळेत वंदायचा व गोड घरी खायचे अशी वाटणी आपोआप झाली. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या भारतीय ध्वजसंहितेने नागरिकांना कोणत्याही दिवशी सन्मानपूर्वक ध्वज फडकवण्याची मोकळीक दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हा नागरिकांचा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा अधिकार असल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२१ मध्ये यंत्रावर विणलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजाला परवानगी मिळाली, जुलै २०२२ मध्ये घरावरील ध्वज रात्रीही ठेवता येईल असा बदल झाला, आणि त्याच वर्षी १३ ते १५ ऑगस्ट या काळात 'हर घर तिरंगा' मोहिमेत गल्ल्यागल्ल्यांतल्या गॅलऱ्या व गच्च्या तिरंगी झाल्या. कोल्हापुरात त्याआधीच, १ मे २०१७ रोजी, पोलीस उद्यानात ३०३ फूट उंचीच्या स्तंभावर ध्वज फडकला होता. या साऱ्यामुळे ध्वज घरात आला हे चांगलेच झाले, पण त्याबरोबर जबाबदारीही आली. मुलांच्या हातातले कागदी झेंडे संध्याकाळी रस्त्यावर पडलेले दिसतात तेव्हा जीव कळवळतो, आणि ते वेचून गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांचे काम झेंडावंदनाइतकेच मोलाचे ठरते.

ध्वज चढवण्याच्या दोन रीतींतला फरकही घरातल्या मुलांना सांगण्यासारखा आहे. १५ ऑगस्टला ध्वज स्तंभाच्या तळापासून दोरीने वर चढवला जातो आणि मग उलगडला जातो. याला ध्वजारोहण म्हणतात आणि त्यातून नव्या राष्ट्राचा उदय सूचित होतो. २६ जानेवारीला ध्वज स्तंभाच्या टोकाशी आधीच बांधून ठेवलेला असतो आणि केवळ उलगडून फडकवला जातो, कारण १९५० मध्ये देश स्वतंत्र होताच, प्रजासत्ताक झाला एवढेच. दिल्लीत पहिला मान लाल किल्ल्यावर पंतप्रधानांचा आणि दुसरा कर्तव्यपथावर राष्ट्रपतींचा असतो. २६ जानेवारी ही तारीख निवडण्यामागे १९३० पासून काँग्रेस त्या दिवशी पाळत आलेल्या पूर्ण स्वराज्य दिनाची आठवण होती.

तारखेने येणारा हा सण तिथीने येणाऱ्या सणांना आडवा जातो तेव्हा घराचा स्वभाव उत्तम कळतो. १५ ऑगस्ट बहुतेक वर्षी श्रावणात येतो, आणि तांबडा-पांढरा रस्सा ही ज्या शहराची ओळख आहे तेथेही या महिन्यात अनेक घरांत मांसाहार बंद असतो, त्यामुळे त्या दिवशीच्या जेवणात गोडालाच मान मिळतो. २०२२ मध्ये, स्वातंत्र्याला ७५ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, नेमका श्रावणी सोमवार होता. उपवास धरणाऱ्यांना मैद्याची जिलेबी चालत नाही, म्हणून अशा घरांत सकाळी आणलेला पुडा संध्याकाळी उपवास सोडताना उघडायचा असतो. २०११ चा १५ ऑगस्ट रमजानमध्ये आला होता, आणि रोजा ठेवणाऱ्या कुटुंबांत जिलेबीचा पहिला घास इफ्तारलाच घेता येतो. चातुर्मासात कडक नेम पाळणाऱ्या जैन घरांत रात्रभर आंबवलेल्या पिठाचा पदार्थ वर्ज्य असतो, आणि अशा घरी दुसरे एखादे गोड करून दिवस साजरा होतो. तीन धर्मांच्या तीन घरांत तीन वेगळ्या वेळा आणि तीन वेगळे नेम, तरीही दिवस एकच, ही या सणाची खरी श्रीमंती आहे. २०१९ मध्ये १५ ऑगस्टलाच राखी पौर्णिमा होती, पण त्या ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली होती, पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद होता, आणि नदीकाठच्या हजारो कुटुंबांचा तो काळ निवारा केंद्रांत आणि घरातला गाळ उपसण्यात गेला.

इतर वर्षी मात्र घराचा दिवस ठरलेल्या चालीने जातो. आदल्या संध्याकाळी मुलांचा पांढरा गणवेश इस्त्री होतो, बूट धुऊन पुसून दाराशी ठेवले जातात, छातीवर लावायचा छोटा तिरंगा टाचणीसकट शोधून ठेवलेला असतो. सकाळी प्रभातफेरी, म्हणजे घोषणा देत व गाणी म्हणत गावातून काढलेली मुलांची फेरी, आणि त्यानंतर झेंडावंदन. गावांत याच दिवशी ग्रामसभाही भरते, त्यामुळे ध्वजाला वंदन करून आलेली माणसे लगेच रस्ता, पाणी आणि दिवाबत्ती यांच्या चर्चेला बसतात. घरी परतताना भट्टीवर थांबणे आलेच. पुड्याचा कागद पाकाने पारदर्शक झालेला, हातांना चिकटपणा, आणि घरी पोहोचेपर्यंत एखादा वेढा मोडून मुलांनी फस्त केलेला, हे दृश्य शहराच्या कोणत्याही गल्लीत त्या सकाळी दिसते. आधी देवापुढे, मग घरातल्या सर्वात वृद्ध माणसाला, मग शेजारी, असा क्रम पाळणारी घरे आजही आहेत.

या सणाचा एक विशेष सहसा कोणी सांगत नाही, पण तो सांगायलाच हवा. पुरणपोळी, मोदक, दिवाळीचा फराळ, शेवया, यांतला प्रत्येक सणाचा पदार्थ म्हणजे घरातल्या बाईसाठी ओट्यापाशी तासन् तास उभे राहणे असते. पंधरा ऑगस्टचे गोड मात्र बाहेरून येते, ते आणण्याचे काम बहुधा वडील, भाऊ किंवा मुले करतात, आणि घरच्या बाईच्या वाट्याला फार तर मठ्ठा घुसळण्याचे काम उरते. स्वातंत्र्याच्या दिवशी तिला ही थोडी उसंत मिळते, आणि पाऊस थोडा उघडला तर दुपारनंतर सगळे घर रंकाळ्यावर, पन्हाळ्याला किंवा राजर्षी शाहूंनी बांधायला घेतलेल्या राधानगरीच्या धरणाकडे पाणी पाहायला निघते.

स्वातंत्र्याची आठवण स्वयंपाकाशी जोडणारे लोक जगात इतरत्रही आहेत. कॅरिबियन समुद्रातील हैती या देशात १ जानेवारी १८०४ रोजी गुलामांच्या उठावातून स्वतंत्र राष्ट्र जन्मले, आणि तेव्हापासून त्या दिवशी तेथील प्रत्येक कुटुंब भोपळ्याचे दाट सूप करून खाते व शेजाऱ्यांना देते. फ्रेंच मळेवाल्यांच्या राजवटीत हे सूप रांधायचे गुलामांनी आणि खायचे मालकांनी, असा नियम होता. मुक्त झालेल्या माणसांनी ते आपल्या पानात वाढून घेतले, आणि २०२१ मध्ये युनेस्कोने त्याची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. कोल्हापूरच्या जिलेबीमागे असा निषेधाचा इतिहास नाही. तिच्यामागे लेकीच्या जन्माचा, लग्नाच्या पंगतीचा आणि जिंकलेल्या निवडणुकीचा आनंद आहे, म्हणजे कुटुंब ज्या पदार्थाने आपल्या घरातले सुख शेजाऱ्यांना कळवते, त्याच पदार्थाने ते देशाचे सुख कळवते.

संध्याकाळी पुड्यात उरलेल्या दोन-चार जिलेब्या मऊ पडलेल्या असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गरम दुधात बुडवून खाल्ल्या जातात. ज्या घरांनी गच्चीवर ध्वज लावलेला असतो तेथे तो उतरवून घडी घालण्याचे काम आता मुले हट्टाने मागून घेतात. ध्वज आडवा धरून केशरी व हिरवा पट्टा पांढऱ्या पट्ट्याच्या मागे दुमडायचा, मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी आत घ्यायचा, अशा रीतीने की वर चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र आणि दोन रंगांच्या कडा तेवढ्या दिसाव्यात, आणि ती घडी दोन्ही तळहातांवर तोलून कपाटापर्यंत न्यायची. कपाटात ती सव्वीस जानेवारीपर्यंत राहते.